नाना, आपण प्लाझ्मा कटर घेतला

प्रिय नाना,

तीर्थस्वरूप वगैरे लिहिणार होते, पण तुम्हाला ते कधी आवडलं नाही. "तीर्थ तिकडे शिप्रेवर आहे, मी इथे शेडमध्ये आहे," म्हणायचे. म्हणून नुसतं प्रिय.

आज लिहायला बसले, कारण जे सांगायचंय ते कळणारं माणूस घरात उरलेलं नाही. मागच्या आठवड्यात एका सकाळी सुधीरला म्हटलं, "अहो, तीन एमएमचा पत्रा कापला आणि जरासुद्धा वाकला नाही!" तुमचा मुलगा म्हणाला, "वा, छान," आणि बँकेचा डबा उचलून निघाला. छान काय, नाना! ही काय 'छान' म्हणून सोडून द्यायची गोष्ट आहे? तुम्ही असता तर खुर्ची ओढून बसला असता. किती अँपियरवर कापला? हात किती जोरात चालवला? खालची कड दाखव बघू.

तर सांगते. आपण प्लाझ्मा कटर घेतला. तुम्हाला जाऊन नऊ महिने झाले, आणि घेतला.

लग्न होऊन धुळ्याहून उज्जैनच्या या घरात आले तेव्हा तुमची मराठी ऐकून मला हसू यायचं. "टंकी भरली का?", "चहात शक्कर कमी टाक", "मागच्या दाराला ताला लाव". आता माहेरी गेले की भाऊ मला हसतो, कारण मी पण तशीच बोलते. आणि बाजारात तुम्हाला 'नाना' अशी हाक मारली की, हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील ना, दुकानदार विचारायचे, "अच्छा, ये आपके नाना हैं?" तुम्ही गंभीर चेहरा करून सांगायचे, "नहीं भाई, ससुर हूँ. नाना तो मैं सबका हूँ."

सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. सुधीर संध्याकाळपर्यंत बँकेत. माधव नगरच्या या घरात दुपारभर दोनच आवाज, घड्याळाचा आणि मागच्या शेडमधून तुमच्या हातोडीचा. मिल बंद पडल्यावर तुम्ही दुसरी नोकरी शोधली नाही, ही शेड उभी केली आणि मोहल्ल्याची फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, झोपाळे करायला लागलात. मी चहा घेऊन यायचे, कप ठेवून परत जायचे. एक दिवस तुम्ही वर न बघताच म्हणालात, "जरा पकड."

मी लोखंडी अँगलचं टोक पकडलं. किती वेळ? दहा मिनिटं असेल. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला काळा चष्मा दिलात. महिन्याभरानं वेल्डिंगचा होल्डर हातात दिलात आणि माझा पहिला जोड बघून म्हणालात, "कबूतराची घाण दिसते आहे. पुन्हा कर." बी.कॉम. झालेल्या सुनेला असं बोलतात का! पण मी पुन्हा केला. सतरा वर्षं पुन्हा पुन्हा करत राहिले. या शहरात माझं म्हणून काही असेल, तर ते त्या शेडमध्येच सुरू झालं.

आता ते लिहिते, जे तुमच्यासमोर कधी बोलले नाही.

तुमचा हात थरथरायला लागला होता. वेल्डिंग तर तुम्ही हळूहळू माझ्याकडे देऊन टाकलं होतं, पण गॅस कटर सोडला नव्हता. "कटिंग मी करीन. ते तुझं काम नाही." कापलेली कड करवतीसारखी यायची. तुम्ही जेवून आडवे झालात की मी ग्राइंडर काढून ती घासून सरळ करायची. तुम्ही विचारायचे, "कसला आवाज होता गं?" मी सांगायची, "शेजारी काम चालू आहे." दोन वर्षं शेजारी काम चालू होतं, नाना! एकदाही तुम्हाला शंका आली नाही?

तेव्हाच मी प्लाझ्माचं बोलले होते. एका फाटकवाल्याकडे मी तो चालताना बघितला होता. हवा आणि बिजली, बस. हवेच्या झोतातून बिजली जाते, लोखंड वितळतं आणि ती हवाच त्याला उडवून लावते. सिलेंडर नको, ज्योत नको, आणि पातळ पत्रा पापडासारखा वाकत नाही. तुम्ही म्हणालात, "हवेनं कापणार? मग फुंकर मारून काप." तुम्ही हसलात, मी पण हसले. तिथेच विषय संपला. मी तेव्हा हट्ट का नाही धरला?

मग पेंडसे बाई आल्या. सुधीरच्या शाळेतल्या, गाणं शिकवणाऱ्या. दोन गल्ल्या सोडून राहतात, एकट्या. काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती. त्यांना घरभर भिंतीच्या कडेनं हात धरून चालायला रेलिंग हवं होतं. नुसता पाइप नको होता. जिथे वळायचं तिथे पत्र्याचा एकेक आकार लावायचा, बोटांनी ओळखता येईल असा. स्वयंपाकघराशी पान, देवघराशी घंटा, न्हाणीघराशी मासा, झोपायच्या खोलीशी चंद्र, आणि बाहेरच्या दाराशी पक्षी.

"जोवर थोडं दिसतंय तोवर लावून द्या, नाना," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी बघत बघत बोटांना शिकवीन. नंतर बोटं एकटीच असतील."

तुम्ही लगेच कबूल झालात. आणि दुसऱ्याच आठवड्यात, बाई समोर खुर्चीवर बसलेल्या असताना, घंटा कापायला घेतलीत. हात थरथरत होता. पत्रा लाल होऊन वाकला. घंटेच्या कडेला दातरे आले. तुम्ही पुन्हा ज्योत जवळ नेलीत, आणि मी बोलून गेले.

"राहू द्या, नाना. हात थरथरतोय तुमचा. ही कड बाईंचं बोट कापेल."

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "अगं, त्यात काय, होतं असं." तुम्ही कटरचे दोन्ही नॉब बंद केलेत. चष्मा काढून खिळ्याला अडकवलात. "बरोबर आहे," इतकंच म्हणालात आणि घरात गेलात.

त्यानंतर तुम्ही शेडमध्ये आला नाहीत. मी चहासाठी हाक मारायची, तुम्ही म्हणायचे, "इकडेच आण." रागावला असता तर बरं झालं असतं! मला काहीतरी उलट बोलला असता, "तू शिकलीस कुणाकडून?" असं विचारलं असतं, तर मी माफी तरी मागितली असती. 'बरोबर आहे' म्हणणाऱ्या माणसाची माफी कशी मागायची, हे मला चार महिने कळलं नाही. आणि चौथ्या महिन्यात, एका सकाळी, आंघोळीला पाणी काढता काढता तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर मी शेडला ताला लावला. सुधीर म्हणाला, "सामान कबाडीला देऊन टाकू. गाडी आत लागेल." मी म्हटलं, "थांबा जरा." कशासाठी थांबायचं ते मला सांगता येत नव्हतं.

दिवाळीनंतर पेंडसे बाईंचा फोन आला. "अगं अनघा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण विचारते. माझ्या घंटेचं काय झालं?" मी सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून करवून देते. चार जणांना विचारलं. सगळे सिंहस्थाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. एवढं बारीक काम घ्यायला कुणी तयार नाही. बाई फोनवर म्हणाल्या, "असू दे. पण एक सांगते, डाव्या डोळ्याला आता दिवा लागलेला कळतो, दिव्याखालचं पुस्तक कळत नाही. हे काही तुमच्या मुहूर्तासाठी थांबणार नाही."

त्या दुपारी मी ताला उघडला.

मशीन घ्यायला टावर चौकात गेले तर दुकानदार सगळं सुधीरकडे बघून बोलत होता. "सर, आपको कितने एमएम तक काटना है?" सुधीर म्हणाला, "मला काय विचारता? मैं तो बैंक में हूँ. मशीन इनको चाहिए." तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे मान वळवली. त्यानं एक देखणा लाल डबा दाखवला. हवेचा पंप आतच बसवलेला. वेगळा कंप्रेसर नको, प्लग लावा आणि कापा. स्वस्त पण. नाना, मला तो इतका आवडला! घरातली शेड, छोटं काम, आणखी काय पाहिजे? मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण तुमची सवय लागलीय ना, लोखंडी वस्तू घ्यायच्या आधी एक दिवस जाऊ द्यायचा. "कल बताती हूँ," म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी नानाखेड्याला यूसुफभाईंकडे गेले. तुमच्याबरोबर मिलमध्ये होते, आता स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, हे एवढंच मला माहीत होतं. म्हटलं, रोज मशीन चालवणाऱ्याला विचारावं.

त्यांनी स्टूल पुसून दिलं. लाल डब्याचं नाव ऐकून मान हलवली. "भाभीजी, वो मत लेना. अंदर का पंप छोटा है. दस मिनट में हवा भी गरम, मशीन भी गरम. और आपके यहाँ तो कंप्रेसर है ना? फाटक पर रंग मारने वाला? दो हॉर्सपावर का?"

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"नाना ने बताया था ना."

"कधी?"

"पिछली गर्मियों में. दो बार आए थे, बस से. यहीं बैठते थे, जहाँ आप बैठी हैं."

नाना! मागच्या उन्हाळ्यात तर तुम्ही शेडमध्ये पाऊल टाकत नव्हतात. "जरा मित्राकडे जाऊन येतो" म्हणून टोपी घालून निघायचात. मला वाटायचं, माझं तोंड बघायला नको म्हणून जाता.

यूसुफभाई सांगत राहिले. तुम्ही त्यांना सगळं विचारलंत म्हणे. घरच्या सिंगल फेजवर चालेल का? चाळीस अँपियर पुरेल का? हवेत पाणी असलं तर काय होतं? नोझल आणि आतली कांडी उज्जैनमध्ये मिळते की इंदूरला पळावं लागतं? एकदा स्वतः चालवून पण बघितलात. "लाइन टेढ़ी आई," यूसुफभाई हसले. "तो बोले, ये मेरे हाथ की चीज़ नहीं है, यूसुफ. मेरी बहू के हाथ की है. उसका हाथ देखा है? दो साल से मेरे किनारे घिस रही है, सोचती है मैं सो रहा हूँ."

मी तिथेच रडले, नाना. भर दुकानात, ग्राइंडरच्या आवाजात. यूसुफभाईंनी मशीन बंद करायला लावलं नाही, हे त्यांचे उपकार. नाहीतर सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

तुम्हाला माहीत होतं! मग "कसला आवाज होता गं" हे कशाला विचारायचात? मजा बघत होतात माझी? मी यूसुफभाईंना विचारलं, "माझ्यावर रागावले होते का हो?" यूसुफभाई म्हणजे खोटं बोलणारा माणूस नाही. "ये तो नहीं कहा कभी. बस मशीन की बात करते थे." तेवढंच उत्तर मिळालं मला. मशीनची गोष्ट करत होतात. मी रोज त्याचे दोन्ही अर्थ लावून बघते.

मग यूसुफभाईंनी शिकवलं तसं घेतलं. सिंगल फेज, चाळीस अँपियर, बाहेरच्या हवेवर चालणारं. एक अजून स्वस्त होतं, पण त्याचं तोंड पत्र्याला टेकवलं तरच ठिणगी पडते. "छुआते-छुआते नोज़ल खा जाएगी," ते म्हणाले. आपलं न टेकवता पेटतं, गंजलेल्या पत्र्यावर पण. दुकानदाराला मी आधी नोझलचं पाकीट दाखवायला लावलं, मग मशीन. तो म्हणाला, "मैडम, आप तो पूरी तैयारी से आई हैं." तयारी माझी कुठे होती!

शेडसाठी जाड तार आणि वेगळा स्विच बसवून घेतला. रविवारी दुपारी सुरू केलं. सुधीर दारात उभा होता. कधी नव्हे तो. मी म्हटलं, "या ना आत. जरा पकडा." तो आला, आणि पत्र्याचं टोक धरून म्हणाला, "नानांनी मला कधी बोलावलंच नाही आत."

का नाही बोलावलंत, नाना? तो यायचा नाही असं तुम्हाला वाटलं, आणि तुम्हाला तो नको असेल असं त्याला वाटलं. पन्नास वर्षांचा माणूस पत्रा धरून उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. हा राग माझा तुमच्यावर आहे, आणि राहील.

पहिला काप वाया गेला. ठिणगी फडफडली, विझली, नवं नोझल काळं पडलं. कंप्रेसरच्या टाकीत वर्षभराचं पाणी साचलेलं! खालचा नळ उघडला तर बादलीभर गंजाचं पाणी निघालं. हवेतलं पाणी गाळणारी बाटली आणून बसवली, त्यात दोन दिवस गेले. मग पुन्हा. हात घाई करत होता. ठिणग्या वर उडायला लागल्या म्हणून हळू केला. मग त्या सरळ खाली पडायला लागल्या, आवाज एकसारखा झाला, आणि घंटेचा तुकडा अलगद खाली आला. सपाट. हातात धरवत नव्हता तेवढा गरम, पण सपाट!

कानस मारली, पॉलिश पेपर मारला, आणि जुनी ओढणी कडेवरून फिरवली. धागा अडकला तिथे पुन्हा कानस. असं पाचही आकारांचं केलं, आठ दिवस. तुमची ती दातऱ्यांची घंटा वापरता आली नाही, नाना. खोटं कशाला सांगू? कबाडीला दिली नाही, पण लावली पण नाही. ती बोटांना लागली असती.

काल रेलिंग बसवलं. यूसुफभाई आले होते, भिंतीत बोल्ट त्यांनी बसवले. बाई म्हणाल्या, "थांबा, कुणी बोलू नका," आणि डोळे मिटून निघाल्या. पानाशी थांबल्या. "स्वयंपाकघर." चंद्राशी थांबल्या. "इथे झोपते मी." माशाशी बोटं दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, "हे मांजर आहे का गं?" आम्ही सगळे हसलो. मग देवघराशी आल्या. घंटेची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्यानं तपासली, अगदी हळू, जसा नवीन विद्यार्थ्याचा सूर तपासावा. पुन्हा तपासली. मग म्हणाल्या, "रेलिंग एक बोट उंच झालंय. पण राहू दे. मी ताठ चालीन."

घरी आले आणि तुम्हाला सांगावं म्हणून मागच्या दारानं आत गेले. पाय आपोआप तुमच्या खोलीकडे वळले. खोलीत पोचल्यावर आठवलं. असं किती दिवस होणार आहे, नाना?

आज सकाळी बाईंच्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला, दृष्टी जात असलेल्या. त्यांना पण रेलिंग हवंय. विचारत होत्या, "माझ्या खोलीशी कमळ मिळेल का?" मी हो म्हटलं. कमळ कसं कापायचं, पाकळीच्या टोकाशी हात कसा वळवायचा, काही माहीत नाही. विचारायला तुम्ही नाही.

पण एक वचन देते. एक दिवस माझा हात पण थरथरेल. कुणीतरी तोंडावर सांगेल, आणि ते खरं असेल. त्या दिवशी मी पण म्हणेन, "बरोबर आहे." पण घरात जाऊन बसणार नाही. दुसऱ्या सकाळी परत शेडमध्ये जाईन, खुर्ची ओढीन, आणि जो कुणी कापत असेल त्याला म्हणेन, खालची कड दाखव बघू. तुम्ही एवढं एक करायला हवं होतं, नाना. मी तुमची वाट बघत होते.

तुमची,
अनघा